मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात बाळंतपण, हॉस्पिटलला नेमकं काय विचारावं?

इथे लेबर वॉर्डात काम करणारं कुणी आहे का? आमच्या खालच्या मजल्यावरची मैत्रीण कृष्णवर्णीय आहे, सातवा महिना चालू आहे. पहिल्या खेपेला बाळंतपणानंतर डोकं ठणकत होतं, पाय सुजले होते, पण "थकवा असेल" म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी बीपी १६० च्या वर! त्यामुळे या वेळी ती धास्तावली आहे, आणि तिची भीती उगाच नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या १४.५. नुसती गरिबी म्हणून हे सोडून देता येत नाही, शिकल्यासवरलेल्या, चांगला विमा असलेल्या बायकाही यात आहेत.

राज्याचा एसबी ४६४ हा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. बाळंतिणींची देखभाल करणाऱ्यांना नकळतच्या पूर्वग्रहांबद्दल प्रशिक्षण सक्तीचं, दर दोन वर्षांनी उजळणी. भेदभाव झाला तर तक्रार कुठे करायची, हेही पेशंटला लेखी द्यायला हवं. मागच्या वेळी तिच्या फायलीत तसला कागदच नव्हता.

तर, स्टाफचं प्रशिक्षण झालंय का हे पेशंटने थेट विचारलं तर उत्तर मिळतं का, की राग धरतात? तक्रारीचा कागद भरतीच्या वेळीच मागावा का? शिवाय मेडि-कॅलमध्ये (कमी उत्पन्न असलेल्यांसाठी कॅलिफोर्नियाचा सरकारी आरोग्य विमा) २०२३ पासून डूलाचा (बाळंतपणात सोबत करणाऱ्या प्रशिक्षित बाईचा) खर्च मिळतो, तर सॅन होजेकडची कुणी माहितीतली असेल तर मेसेज करा. तिची पुढची तपासणी गुरुवारी आहे.