‘फिरकी’ : हेलिकॉप्टर वैमानिकांची थट्टा आणि तिला साजेसा मराठी शब्द

प्रश्न : हेलिकॉप्टर वैमानिकांच्या आठवणी मराठीत आणताना एक अडचण आली आहे. हे लोक सतत एकमेकांची थट्टा करतात आणि त्या थट्टेत माया, भीती आणि कामाचा अभिमान असे सगळेच मिसळलेले असते. तिला ‘विनोद’ म्हटले तर फारच मोघम होते आणि ‘टिंगल’ म्हटले तर बोचते. त्यांच्यातील जिव्हाळ्याला ‘सौहार्द’ म्हणावे, तर एखादे सरकारी परिपत्रक वाचत असल्यासारखे वाटते. आपण कोणते शब्द सुचवाल?

उत्तर : थट्टेसाठी ‘फिरकी’ आणि जिव्हाळ्यासाठी ‘सोबत’ असे मी सुचवेन. ‘फिरकी’विषयी मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण या शब्दाचे जितके अर्थ आहेत, ते जवळपास सगळेच या यंत्राला लागू पडतात.

स्वतःभोवती गरगर फिरणारी लहान वस्तू ती फिरकी, मग ती मुलाच्या हातातली कागदाची असो, नाहीतर कानातल्याच्या दांडीवर मागून बसवलेली. गोलंदाजाच्या बोटांतून सुटते तीही फिरकीच. ‘एखाद्याची फिरकी घेणे’ हा प्रयोग याच कुळातला आहे आणि त्याच्या शेजारच्या शब्दांहून तो निश्चितपणे वेगळा आहे. टिंगल आणि टवाळी करताना करणारा स्वतःला वरचढ मानतो. खिल्ली चारचौघांत उडवली जाते आणि ती त्या माणसाला चिकटून राहते. कोपरखळी एका वाक्यात संपते. फिरकी घेताना मात्र समोरच्याला घटकाभर फिरवायचे आणि पुन्हा जागच्या जागी आणून सोडायचे असते, आणि शेवटी तोही हसला तरच ती फिरकी साधली असे म्हणतात. म्हणूनच ती परक्याची घेतली जात नाही. जो आपल्यातला आहे किंवा होऊ घातला आहे, त्याचीच ती घ्यायची असते.

वैमानिकांच्या जगातले याचे अस्सल उदाहरण म्हणजे ‘रोटर वॉश’. फिरत्या पात्यांमुळे खाली जोरात लोटल्या जाणाऱ्या हवेच्या झोताला हे नाव आहे. ते कानाला एखाद्या धुण्याच्या द्रावणासारखे लागते आणि नवख्याला अर्थ ठाऊक नसतो, म्हणून त्याच्या हाती बादली देऊन ‘भांडारातून रोटर वॉश भरून आण’ असे फर्मान सोडले जाते. भांडारातला माणूस गंभीर चेहऱ्याने ‘आमच्याकडचा संपला, पलीकडे विचार’ असे सांगून त्याला पुढे धाडतो. रिकामी बादली घेऊन तो परत येतो, तोवर सगळ्यांना त्याचे नाव माहीत झालेले असते. भाषांतर करताना येथे ‘त्याची चेष्टा केली’ असे लिहिले, तर ही सगळी फेरी हरवते. ‘त्याची फिरकी घेतली’ एवढ्या तीन शब्दांत ती सबंध येते.

आता यंत्राकडे वळू. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी वैमानिकांनी मुख्य रोटर, म्हणजे डोक्यावरची फिरती पाती, दांड्यावर धरून ठेवणाऱ्या एका मोठ्या नटाला (बोल्टवर आवळतात तशा चाकीला) ‘जीझस नट’ असे नाव दिले. इंजिन बंद पडले तरी हेलिकॉप्टर सुखरूप उतरवता येते, पण हा नट सुटला आणि रोटरच निखळला, तर येशूचा धावा करण्यावाचून काही उरत नाही, असा त्या नावाचा आशय आहे. ते मराठीत आणताना ‘येशूचा नट’ असे शब्दशः लिहिल्यास वाचक बुचकळ्यात पडेल. मूळ नाव तसेच ठेवून पुढे ‘सगळ्यांचा जीव अडकवून ठेवणारी फिरकी’ अशी जोड द्यावी, असे मला वाटते. ज्याच्या कानातल्याची फिरकी कधी हरवली असेल, त्याला या नटाचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

‘इंजिन बंद पडले तरी’ हे वर सहज लिहून गेलो, पण वैमानिकांच्या विनोदाचे मूळ तेथेच आहे. इंजिन थांबताच डाव्या हाताचा दांडा, म्हणजे कलेक्टिव्ह, काही क्षणांत खाली करून पात्यांचा कोन कमी करावा लागतो. मग यंत्र खाली येत असताना वर चढणारी हवाच पाती फिरवत ठेवते, आणि त्या फिरण्यात साठलेली शक्ती जमिनीजवळ एकदाच वापरून यंत्र अलगद टेकवायचे असते. हे ऑटोरोटेशन प्रत्येकाला शिकावे आणि गिरवावे लागते, त्यामुळे संकटाचा विचार त्यांच्या रोजच्या कामातच मुरलेला असतो. डोक्यावरच्या पंख्याचा जुना विनोद याच समजुतीतून आला आहे : हा मोठा पंखा वैमानिकाला गार ठेवण्यासाठी बसवलेला असतो, विश्वास बसत नसेल, तर तो बंद करा आणि त्याला कसा दरदरून घाम फुटतो ते पाहा. या विनोदाचे तर भाषांतरही करावे लागत नाही, कारण भीतीने ‘घाम फुटणे’ हा आपला रोजचाच वाक्प्रचार आहे.

नावे ठेवण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. बेल कंपनीच्या ज्या हेलिकॉप्टरला अमेरिकी सैन्याने ‘इरोक्वॉय’ असे भारदस्त नाव दिले होते, त्याच्या ‘एचयू-१’ या संकेतावरून वैमानिकांनी ‘ह्यूई’ हे नाव पाडले. १९६२ मध्ये संकेत बदलून ‘यूएच-१’ झाला, तरी ह्यूई ते ह्यूईच राहिले. त्यात मुख्य वैमानिकाशेजारी बसणाऱ्या नवख्या सहवैमानिकाला ‘पीटर पायलट’ म्हणत. त्यासाठी मी ‘नवा भिडू’ असे लिहीन, कारण भिडू कच्चा असला तरी आपल्याच बाजूने खेळतो.

फिरण्याची हीच कल्पना स्त्री वैमानिकांनी अभिमानाने मिरवली. हेलिकॉप्टरला इंग्रजीत लाडाने ‘व्हर्लीबर्ड’, म्हणजे गरगरते पाखरू, म्हणतात. त्यावरून जीन रॉस हॉवर्ड यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेचे नाव ‘व्हर्ली-गर्ल्स’ असे पडले. संस्थापक सदस्य अवघ्या १३ होत्या. जी ज्या क्रमाने हेलिकॉप्टर वैमानिक झाली, त्या क्रमाचा आकडा तिला मिळे. पहिला क्रमांक जर्मनीच्या हाना राइट्श यांचा होता, कारण त्यांनी १९३८ मध्येच बर्लिनच्या एका बंदिस्त सभागृहात हेलिकॉप्टर उडवून दाखवले होते. स्वतः हॉवर्ड यांचा क्रमांक तेरावा. या नावासाठी ‘फिरकीच्या पोरी’ हा प्रतिशब्द मला मनापासून आवडतो. ‘गरगरत्या मुली’ म्हटले, तर त्यांना घेरी आली आहे असे वाटेल.

जिव्हाळ्यासाठी ‘सौहार्द’ नको, या आपल्या मताशी मी सहमत आहे. सुहृदाचा भाव ते सौहार्द. शब्द सुंदर आहे, पण आज तो दोन समाजांच्या किंवा दोन देशांच्या संबंधांपुरता उरला आहे. ‘सोबत’ या शब्दात बरोबर जाणे आणि एकटे न सोडणे हे दोन्ही येते. व्हिएतनाममध्ये जखमींना उचलून आणणाऱ्या हेलिकॉप्टरांचे ‘डस्टऑफ’ हे संकेतनाम यादीतून निवडलेले होते, पण उतरताना उडणाऱ्या धुळीमुळे ते चपखल बसले आणि पुढे त्या कामाचेच नाव झाले. त्या तुकडीचे मेजर चार्ल्स केली १ जुलै १९६४ रोजी जखमींना घेण्यासाठी उतरत असताना, गोळीबार होत आहे, निघून जा, असे त्यांना खालून बजावण्यात आले. तुमचे जखमी माझ्याकडे आले की निघतो, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि काही क्षणांतच ते गोळी लागून मारले गेले. त्यांचे ते शब्द पुढच्या वैमानिकांनी ब्रीदासारखे जपले. या नात्याला मैत्री म्हणणेही अपुरे आहे, कारण खालच्या जखमींची आणि त्यांची ओळखही नसे. ही सोबत होती.

पुढचा प्रश्न : आभारी आहे, दोन्ही शब्द घेतो. शिकाऊ वैमानिकाच्या एका प्रसंगात हेलिकॉप्टर एका जागी हवेत थांबते. तेथे ‘घिरट्या घालते’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, वृत्तपत्रांत ते सर्रास दिसत असले तरीही. घिरट्या म्हणजे वर्तुळाकार फेऱ्या. त्या घार घालते. आपल्याला हवी आहे ती कापशी घार, जी पंख फडफडवत हवेत एकाच बिंदूवर टिकून राहते. त्यासाठी ‘अधांतरी थांबणे’ हा प्रयोग योग्य आहे. शिकाऊ वैमानिकासाठी तर हा फरक फारच मोलाचा आहे, कारण उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे यंत्र पुढे-मागे आणि बाजूंना झुकवणारा दांडा, डाव्यात कलेक्टिव्ह आणि पायांखाली पेडल, आणि यांतले एक हलवले की उरलेली दोन्ही सावरावी लागतात, अशा स्थितीत पहिल्या दिवसांत त्याचे यंत्र सबंध मैदानभर भरकटत असते. त्याला थांबायचे असते आणि तो घिरट्या घालत असतो. शिक्षक त्याची फिरकी घेतात ती नेमकी याचवरून, तेव्हा त्या प्रसंगात हे दोन्ही शब्द आपापल्या जागी वापरावेत.