ओढ्यात पाणी मुरतंय की हिशेब चुकतोय?

शिवारपाणी: वनराई बंधाऱ्याची, म्हणजे माती भरलेल्या पोत्यांच्या बांधाची, जागा ठरवायचीय. ओढा १.२ मीटर रुंद, तळाला गोटे. संत्रं सोडलं, ५ मीटरला २० सेकंद लागले. दर २० सेंमीवर खोली १०, २०, २५, २२, १३. बेरीज भागिले ५, म्हणजे १८ सेंमी. वरचं पाणी सरासरीपेक्षा जोरात चालतं म्हणून ०.७ ने गुणून सेकंदाला ३८ लिटर. २०० मीटर खाली मित्राने मोजलं तर ३१च. मधे ७ लिटर मुरतंय ना?

नालाबांध: मित्राने ६ ने भागलं असणार, आणि तेच बरोबर. काठाला खोली शून्य. दोन्ही काठ धरून पाच मापांचे पट्टे सहा. ९० भागिले ६ म्हणजे १५ सेंमी. क्षेत्रफळ ०.१८ चौ.मी., वेग ०.२५, गुणिले ०.७, म्हणजे सेकंदाला ३१.५ लिटर. तुमचे ७ लिटर भागाकारात मुरले!
०.७ हा आकडाही अंदाजाचाच, गोटे जास्त असतील तर ०.६. संत्रं मात्र बरोबर निवडलंत, ते बुडून चालतं. रिकामी बाटली वारा ढकलतो.

खाचपत्रा: एवढा बारीक फरक तरंगत्या वस्तूने कळणारच नाही. दोन्हीकडे इंग्रजी V सारख्या ९० अंशांच्या खाचेचा पत्रा ओढ्यात आडवा उभा करा, सगळं पाणी खाचेतूनच जाऊ दे, बाजूंनी आणि खालून काळी माती दाबून. पाण्याची उंची खाचेच्या खालच्या टोकापासून धरायची, पण मोजायची वरच्या अंगाला निदान एक मीटर मागे. खाचेपाशी पाणी खाली झुकलेलं असतं. २२ सेंमीला ३१ लिटर, २१ ला २८. म्हणजे पट्टी सेंमीभर चुकली की ३ लिटर गेले. पाणी पत्र्याला न चिकटता मोकळं पडलं पाहिजे, उंची पाच सेंमीच्या खाली असली की ते चिकटतं.

मुरूमखडक: जागाही बघा. वाळू-गोट्यांचा थर जाड असेल तिथे बरंच पाणी तळाखालून चालतं, पत्र्याला दिसत नाही. दोन्ही मापं खडक उघडा पडलाय तिथेच घ्या, तिथे ते वर येतं. मधे कुठे पाझर मिळतो का, काठच्या विहिरी किती, तेही लिहा. आणि दोन्ही मापं एकाच वेळी, थ्री-फेज लाइट नसताना. मोटारी चालू झाल्या की काठच्या विहिरी ओढ्यातलंच पाणी ओढतात, मग मुरलं म्हणून दिसतं ते उसाला गेलेलं असतं.

शिवारपाणी: मित्राने सहानेच भागलं होतं. पत्रा कापायला टाकतो. २ मिमी चालेल?

खाचपत्रा: चालेल. खाचेची कड खालच्या अंगाने घासून धारदार करा.