शब्दचर्चा : ‘पोर्ट करणे’, टूलचेन आणि ‘असमर्थित’ प्रणाली

प्रश्न

एका छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेची टूलचेन (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम घडवणारी अवजारं) हायकू या ऑपरेटिंग सिस्टीमवर कशी आणावी, याचं टिपण मराठीत लिहितो आहे. पहिल्याच वाक्याला अडलो. ‘अनसपोर्टेड प्लॅटफॉर्मवर पोर्ट करणे’, म्हणजे एका सिस्टीमवरचा प्रोग्रॅम अधिकृत आधार नसलेल्या दुसऱ्या सिस्टीमवरही चालेल असा करणे, यासाठी कोश बघून ‘असमर्थित मंचावर स्थलांतरित करणे’ असं लिहिलं. शब्द सगळे मराठी, पण अर्थ हातातून निसटला. पोर्ट, टूलचेन, बूटस्ट्रॅप, टार्गेट यांना तुम्ही काय म्हणता?

उत्तर

‘स्थलांतर’ नकोच. स्थलांतर करणारा जुनी जागा सोडतो. मोबाइल नंबर पोर्ट केला म्हणतो तेव्हा ते लागू पडतं, कारण जुन्या कंपनीकडे तो नंबर उरत नाही. कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, हायकूवर पोर्ट केला म्हणून लिनक्सवरचा कुठे जात नाही. ‘रूपांतर’ही नको, कारण भाषा तीच राहावी यासाठीच तर सगळा खटाटोप. आणि ‘भाषांतर’ हे कंपायलरचं रोजचं काम, त्यामुळे तो शब्द इथे वापरला की गोंधळ ठरलेला.

‘पोर्ट’ या मूळ शब्दाचा बंदराशी संबंध नाही. पोर्टेबल म्हणजे वाहून नेता येण्याजोगं, लॅटिन ‘पोर्तारे’वरून. नेटवर्कमधला पोर्ट वेगळा, तो ‘पोर्ता’ म्हणजे दार यावरून आलेला. स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी १९७८ मध्ये लेख लिहिला तोही सी भाषेतले प्रोग्रॅम आणि युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम यांच्या ‘पोर्टेबिलिटी’वर. युनिक्स पीडीपी-११ या संगणकावरून इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या यंत्रावर नेताना काय काय आड आलं, ते त्यात आहे. पोर्टेबलला ‘सुवाह्य’ चांगला शब्द आहे, पण तो गुण सांगतो. करायच्या कामाला क्रियापद हवं.

मला विचाराल तर ते काम म्हणजे कलम बांधणं. मूळ झाड जागेवर राहतं, त्याची काडी दुसऱ्या खुंटावर बसते, मुळं खुंटाची आणि फळ काडीच्या जातीचं. भाषा ही काडी, ऑपरेटिंग सिस्टीम हा खुंट. आणि कलम जगणार की मरणार हे सांध्यावर ठरतं, तसंच इथेही. लिनक्सवर गो भाषेचे प्रोग्रॅम कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, थेट हाक मारतात, कारण तिथले या हाकांचे (सिस्टीम कॉलचे) क्रमांक पक्के असतात. हायकूमध्ये ते क्रमांक आवृत्तीगणिक बदलू शकतात, म्हणून लिबरूट या लायब्ररीतूनच जावं लागतं. काडी तीच, पण सांधा निराळ्या जागी घ्यावा लागतो.

एक अनुभव सांगतो. हायकूवरच एका भाषेची रनटाइम (प्रोग्रॅम चालताना त्याला लागणारा आधार-कोड) उभी करत होतो. नसलेली फाइल उघडायला सांगितली की ‘फाइल सापडली नाही’ असं यायला हवं होतं. पडद्यावर आलं, ‘अज्ञात चूक, उणे २१४७४५९०६९’. दोन संध्याकाळी मी मेमरीचा घोळ शोधत बसलो. घोळ नव्हताच. लिनक्सवर या चुकीचा क्रमांक २. हायकूने चुकांचे क्रमांक बीओएस या पूर्वज सिस्टीमच्या परंपरेतून घेतले आहेत आणि ते सगळे ऋण आहेत. युनिक्ससारख्या सिस्टीमसाठीच्या पॉझिक्स मानकात ते धन असतात, आणि मी संदेशांचं कोष्टक शून्यापासून पुढे मोजत मांडलं होतं. हे गृहीतक कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. ‘स्थलांतर’ म्हटलं की असली लपलेली गृहीतकं डोळ्यांपुढे येत नाहीत, सामान हलवल्यासारखं वाटतं. म्हणून त्या शब्दाला माझा एवढा विरोध.

प्रतिसाद

कल्पना आवडली, पण ‘कलम’वर आधीच बराच भार आहे. कायद्याचं कलम, लेखणी, शिवाय शिर कलम करणं. ‘कंपायलरचं कलम केलं’ असं वाचून कुणी दचकलं तर नवल नाही. आम्ही दिवसभर बोलतो ते ‘पोर्ट केला’, ‘पोर्ट अडकला’, ‘पोर्ट मोडला’. तेच लिहावं. टूलचेनही तसंच राहू द्यावं. पण ‘असमर्थित’चं काय?

उत्तर

‘कलम करणे’ आणि ‘कलम बांधणे’ यांत फरक आहे, पण तुमचा मुद्दा मान्य. नाव म्हणून पोर्ट ठेवू, समजावताना कलम. टूलचेनला ‘अवजारांची साखळी’ एकदा सांगून पुढे टूलचेनच लिहावं. साखळी मात्र जरूर सांगावी, कारण कंपायलरचा माल असेम्बलर घेऊन त्याचा यंत्र-कोड करतो, असेम्बलरचा माल लिंकर घेऊन तुकडे जोडतो. कंपायलर एकटा आणून भागत नाही हे त्यातून कळतं.

‘असमर्थित’ पार चुकीचा. समर्थन म्हणजे एखाद्याची बाजू घेणं. इथे कुणी बाजू नाकारलेली नसते, जबाबदारी कुणी घेतलेली नसते. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : वाली. ‘या सिस्टीमला वाली नाही.’ गो प्रकल्पाचा नियमच बघा. नवा पोर्ट घ्यायचा तर तो सांभाळायला किमान दोन डेव्हलपर पुढे यावे लागतात, आणि तपासणी सतत चालवणारं यंत्रही द्यावं लागतं. म्हणजे वाली आधी, पोर्ट मग. रस्ट या भाषेच्या प्रकल्पात सिस्टीमच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत ‘चालेल’ याची हमी, दुसरीत फक्त ‘बिल्ड होईल’ (कोडपासून प्रोग्रॅम घडेल) याची, तिसरीत कोड आहे पण प्रकल्प स्वतः तो बिल्डही करत नाही आणि तपासतही नाही. हायकू तिसऱ्या पायरीवर आहे. हे सगळं एकट्या ‘असमर्थित’मध्ये मावत नाही.

बूटस्ट्रॅपला, म्हणजे कंपायलर घडवायला लागणाऱ्या पहिल्या कंपायलरला, मी ‘बियाणं’ म्हणतो. गोचा कंपायलर १.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, गोमध्येच लिहिलेला आहे. तो बिल्ड करायला आधी गो लागतं. नव्या सिस्टीमवर ते नसतं, म्हणून बियाणं दुसऱ्या यंत्रावर तयार करून आणायचं. त्याआधीच्या आवृत्त्यांचा कंपायलर सीमध्ये होता, तेव्हा सी कंपायलर असला की पुरे.

टार्गेटला ‘लक्ष्य’ चालेल, पण बिल्ड, होस्ट, टार्गेट ही तीन नावं एकत्र आली की नुसते प्रतिशब्द देऊ नका, प्रश्न द्या : कंपायलर घडतो कुठे, चालणार कुठे, आणि माल कुणासाठी काढणार. तिन्ही उत्तरं वेगळी असली तर त्याला ‘कॅनेडियन क्रॉस’ म्हणतात, कारण नाव पडलं तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते. हे नाव तसंच ठेवावं.

मूळ प्रश्नकर्ता

वाक्य बदललं : ‘या भाषेच्या प्रकल्पात हायकूला अजून वाली नाही. तिथे टूलचेन पोर्ट करायची, तर बियाणं म्हणून पहिला कंपायलर लिनक्सवर घडवून हायकूवर न्यावा लागेल.’ ऋण क्रमांकांची गोष्ट पुढच्याच परिच्छेदात घेतो आहे.