कानबाईच्या गाण्यांचे पान अंध वाचकांना कसे वाचता येईल?

प्रश्न (अमळनेर)
आजीकडून ऐकलेली कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, अहिराणी गाणी आणि त्यांवरची टिपणे मी गेली चार वर्षे माझ्या संकेतस्थळावर लिहिते आहे. अक्षरे सुबक दिसावीत म्हणून प्रत्येक गाणे फुलांच्या चौकटीत सजवून चित्ररूपाने चढवले होते. मागच्या आठवड्यात एका दृष्टिहीन वाचकांनी कळवले की, टिपणे त्यांना ऐकता येतात, पण गाणे आले की यंत्र 'चित्र' एवढेच म्हणून पुढे सरकते. ज्या गाण्यांसाठी सारा खटाटोप केला तीच त्यांना मिळाली नाहीत, याची मला फार बोचणी लागली आहे. सगळे एकदम बदलणे जमणार नाही. आधी काय दुरुस्त करावे?

उत्तर १ (धुळे)
ताई, मीही दृष्टिहीन आहे आणि एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, वापरतो. सर्वांत आधी गाणी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतांत, टंकित करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसला तरी आत वेगळीच चिन्हे साठवलेली असतात, त्यामुळे आम्हाला केवळ निरर्थक आवाज ऐकू येतात. गाण्याचे नाव नुसते ठळक न करता त्याला 'हेडिंग' लावा. मी एच ही कळ दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो आणि चाळीस गाण्यांतून हवे ते गाणे तसेच शोधतो. छायाचित्राच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्राऐवजी आम्हाला ऐकू येणाऱ्या वर्णनात, 'कानबाई' हा एकच शब्द नको. 'पाटावर कलश, त्यावर नथ ल्यालेला नारळ' असे लिहिलेत, तर लहानपणी हाताने चाचपून पाहिलेली आमच्या घरची कानबाई मला आठवेल. निव्वळ शोभेच्या नक्षीचा पर्यायी मजकूर मात्र रिकामा ठेवा, म्हणजे ती मध्ये येणार नाही.

उत्तर २ (जळगाव)
पानाची भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, अशी नोंदवा. नाहीतर स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज देवनागरी वाचू पाहतो. अहिराणीला 'एएचआर' हा स्वतंत्र संकेत आहे, पण तिचा आवाज उपलब्ध नसल्यामुळे तूर्त मराठीच ठेवावी. ज्यांना अंधुक दिसते त्यांचाही विचार करा. संकेतस्थळे अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक हवा, आणि फिकट पिवळ्यावर केशरी अक्षरे तो गाठत नाहीत.

उत्तर ३ (नंदुरबार)
माझ्या मुलीला ऐकू येत नाही. आजींचे ध्वनिमुद्रण चढवणार असाल, तर त्याखाली गाण्याच्या शब्दांबरोबरच बायका टाळ्या कोठे धरतात आणि आजी मध्येच काय सांगतात, तेही अवश्य लिहा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. आज तीन गाणी टंकित केली. आजी 'डोया' म्हणते तेथे मी चित्रात 'डोळा' लिहून ठेवले होते, हे टंकित करतानाच लक्षात आले, तेही सुधारले. हेडिंग लावून झाले की धुळ्याच्या दादांनी एकदा ऐकून पाहावे आणि 'डोया' नीट उच्चारला जातो का, ते कळवावे.