हात धुणे आणि नैतिक निवाडा: पुनरावृत्तीला १०० जण पुरतील का?

शाईडाग: स्वच्छतेचा विचार मनात आला किंवा हात धुतले की लोक नैतिक निवाडा सौम्य करतात, असं सांगणारे श्नाल, बेंटन आणि हार्वी यांचे २००८ चे दोन्ही प्रयोग मराठीतून पुन्हा करायचे आहेत. पहिल्यात स्वच्छतेचे शब्द असलेली वाक्यं जुळवणं, दुसऱ्यात किळसवाणी चित्रफीत बघून हात धुणं. मग दोन्हीकडे सहा नैतिक पेचाच्या प्रसंगांतली कृती ‘किती चूक’ याचे गुण. मूळ नमुना प्रत्येक प्रयोगात चाळीस जणांच्या आसपास होता. १०० जण पुरतील?

त्रिज्या: नाही पुरणार. पहिल्या प्रयोगाचा मूळ d (दोन गटांतला फरक किती मोठा, याचं माप) ०.६० खरा मानला तर ८० टक्के पॉवरसाठी, म्हणजे खरा फरक पकडण्याची तेवढी शक्यता राहावी म्हणून, प्रत्येक गटात ४५ लागतात, पण छोट्या नमुन्यातून छापून आलेला आकडा बहुधा फुगलेला असतो. २०१४ मध्ये जॉन्सन, च्युंग, डॉनेलन यांनी हेच दोन प्रयोग पुन्हा केले, अनुक्रमे २०८ आणि १२६ जण घेऊन. दोन्हीकडे d साधारण ०.०१, म्हणजे जवळजवळ शून्य. आता d ०.२ धरा, म्हणजे गटात ३९४. शिवाय p (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या वर गेला म्हणून ‘परिणाम नाही’ असं लिहिता येत नाही. त्यासाठी समतुल्यता चाचणी हवी, म्हणजे फरक आधी ठरवलेल्या छोट्या सीमेच्या आतच आहे हे दाखवणारी; d ची सीमा ±०.२ धरली तर गटात सुमारे ४३०. ही सीमा पूर्वनोंदणीतच (प्रयोगाआधी जाहीर केलेल्या आराखड्यात) लिहून टाका. मधे एकदा आकडे बघणार असाल तर दोन्ही वेळा अल्फा, म्हणजे p ची मर्यादा, ०.०५ ऐवजी ०.०२९४.

अनुस्वार: खरी मेख भाषांतरात आहे. ‘शुद्ध’, ‘निर्मळ’, ‘पवित्र’ हे शब्द मराठीत आधीच नीतीचे आहेत. ते घेतले तर स्वच्छता तपासली की सदाचार, हे सांगता येणार नाही. ‘धुतली’, ‘पुसलं’, ‘साबण’ असे रोखठोक शब्द घ्या. दुसरं, क्रियापद लिंग उघड करतं: ‘तिने, शर्ट, धुतली, चादर’ यात ‘शर्ट’ लगेच गळतो. म्हणून तुलनेच्या गटाच्या तटस्थ संचातही तेच वाक्य ठेवून फक्त ‘धुतली’च्या जागी ‘आणली’ करा, म्हणजे काठिण्य सारखं राहील.

त्रिज्या: आणि सीलिंग इफेक्ट. श्नाल यांचा २०१४ च्या पुनरावृत्तीवर मुख्य आक्षेप तोच होता: बरेच गुण वरच्या टोकाला चिकटलेले. आधी वेगळ्या ५० जणांवर प्रसंग तपासा. एखाद्या प्रसंगाला निम्मे लोक सर्वोच्च गुण देत असतील तर तो मूळ संचात राहू द्या, पण सौम्य प्रसंगांचा जादा संच जोडा. मूळ प्रसंगच बदलले तर ती थेट पुनरावृत्ती उरत नाही.

शाईडाग: चित्रफितीनंतर लगेच किळस मोजू?

अनुस्वार: नको, हेतू फुटतो. गुण देऊन झाल्यावर मोजा. हात धुवायला सांगणाऱ्याने प्रसंग वाचून दाखवू नयेत. ते संगणकावरच द्या. न धुणाऱ्या गटालाही तेवढाच वेळ दुसरं काहीतरी करायला लावा, नाहीतर किळस नुसत्या वेळानेच ओसरली, ही शंका राहते.