उत्तर: उपखंडाची हद्द नेमकी कुठे?

वर कुणीतरी म्हटलंय की हिमालय आणि समुद्र यांनी दक्षिण आशियाची हद्द आपोआप आखून दिली आहे. उत्तरेला ठीक, पण पश्चिमेला हा हिशोब फसतो. मी फोर्टातल्या एका ऑफिसात देशनिहाय आकडेवारीचं काम करायचो. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत ‘दक्षिण आशिया’खाली ९ देश दिसले, त्यात इराण! चूक समजून मी ती ओळ लाल केली. साहेब हसले. चूक नव्हतीच. ती विभागणी फक्त आकडेवारीच्या सोयीसाठी आहे, असं संयुक्त राष्ट्रं स्वतःच सांगतात. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेत मात्र ८च देश, इराण नाही. अफगाणिस्तानसुद्धा २००७ साली आला.

भूगर्भवाल्यांना विचाराल तर त्यांची रेघ तिसरीच. भारतीय भूपट्टाची (ज्या प्रचंड खडकाळ तुकड्यावर भारत आहे त्याची) पश्चिम कड चमन भ्रंशाजवळ, म्हणजे पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेलगतच्या जमिनीतल्या लांब भेगेजवळ; त्यामुळे बलुचिस्तानचा काही भाग आणि जवळजवळ अख्खा अफगाणिस्तान पट्टाबाहेर. म्यानमारचं तर विचारूच नका, १९३७ पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. (त्या दुपारी इराण्याकडे बनमस्का खाताना ‘आपण एकाच विभागातले’ असं गल्ल्यावरच्या बावाजींना सांगितलं. त्यांनी फक्त सुटे मागितले.)