फुटबॉलची टीम हरली तरी टीव्ही बंद न करणारे, या इकडं

गोदाकाठ:
शेजारचं पोरगं मेस्सीचा टी-शर्ट घालून फिरायलंय. मागच्या साली रोनाल्डोचा होता! ते बघून २०१४ च्या वर्ल्ड कपची ब्राझील-जर्मनी आठवली. रात्री दीडची मॅच, आवाज बंद, कारण बाजूलाच आबा झोपलेले. २९ मिनिटांत जर्मनी ५-० नं पुढं. दोस्त लोक गोधड्या गुंडाळून घरी गेले. मी बसलोच. ७-० झाल्यावर नव्वदाव्या मिनिटाला ब्राझीलच्या ऑस्करनं एक मारला, तवा एकट्यानंच टाळी वाजवली. आबा दचकून उठले, "चोर हाय का रं?" तर खरा चाहता कोणाला म्हणायचं? सांगा आपापलं.

लातूरची_सून:
माहेर कोल्हापूर. तिथं आधी पेठ, मेस्सी नंतर. पाटाकडील तालमीची टीम हरली की दादा जेवायचा नाही, आई ताट झाकून ठेवायची. शाहू स्टेडियमच्या उन्हात बसून बघा, मग बोलू. इथं सासऱ्यांना फक्त क्रिकेट. थांबा, कुकर बघून येते.

बीडचा_बाबू:
मी मँचेस्टर युनायटेडवाला. २०१३ ला मॅनेजर फर्ग्युसन गेले तवापासून लीग जिंकली नाही. सोबतचे सगळे मँचेस्टर सिटीत गेले. आमदार बी एवढ्या लवकर पक्ष बदलत नाहीत.

परभणीकर:
बदलतात की हो बाबू, कुठं राहता?

आमखासवाला:
संभाजीनगरच्या आमखास मैदानावर पोरं खेळतात, ते बघायला किती जण येता? २०१८ ला मुंबईत अंधेरीला भारतानं चायनीज तैपेईला ५-० हाणलं, प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. कॅप्टन सुनील छेत्रीनं व्हिडिओ टाकला, शिव्या द्या पण मैदानात या. केनियाच्या मॅचला, त्याच्या शंभराव्या, स्टेडियम फुल्ल. माझ्या हिशोबानं खरे ते पहिले अडीच हजार. बाकीचे वरातीतले.

परभणीकर:
भाऊ, अंधेरीला जायचं म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट, तेबी वेटिंगला. आम्ही खोटे का मग?

गोदाकाठ:
परभणीकर, तुम्हाला सूट. पण २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलला ऐंशीव्या मिनिटापर्यंत "मेस्सी मेस्सी" करणारा आमचा मेहुणा, फ्रान्सच्या एम्बापेनं लागोपाठ दोन मारल्यावर फ्रान्सचा झाला. पेनल्टीनंतर पुन्हा अर्जेंटिनाचा. पेढे बी खाल्ले त्यानं.

बीडचा_बाबू:
मेहुणा आमदार होणार, लिहून घ्या.

लातूरची_सून:
आले. शिट्टीच होईना, रिंग गेली वाटतं. लातुरात कुठं मिळेल?

परभणीकर:
गंजगोलाईत जावा ताई. जुनी रिंग सोबत न्या, नुसतं लिटर सांगितलं की भलतीच देतात.